विभक्तीच्या वाटेने लॅटिन: सीमाभागातील प्रौढ विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात लॅटिन शिकण्याची इच्छा बोलून दाखवणारी माणसे वाटते त्याहून अधिक भेटतात. कुणी वकिली करताना रिटच्या, म्हणजे उच्च न्यायालयांच्या खास आदेशांच्या, नावांपाशी थबकलेले असते, कुणी औषधांच्या दुकानात चिठ्ठीवरची आद्याक्षरे वर्षानुवर्षे वाचत आलेले असते, कुणी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असते, तर कुणाला रोमचा इतिहास रोमच्याच भाषेत वाचायचा असतो. या सर्वांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असले तरी हरकत नाही, पण वाक्याचा विचार इंग्रजीतून करू नये. तो मराठीतून करावा, शाळेत शिकलेल्या संस्कृतचा आधार घ्यावा, आणि मराठी जेथे अपुरी पडते तेथे कन्नडला हाक मारावी.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा प्रत्येक विभक्तीचा अर्थ इंग्रजी शब्दयोगी अव्यये लावून पाठ करत होतो. सात महिन्यांनी कोष्टके तोंडपाठ होती आणि चार ओळींचा उतारा सुटत नव्हता. पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला, तो 'प्रथमा, द्वितीया, तृतीया' अशी नावे पानाच्या समासात लिहून, आणि तीच वाक्ये उलगडू लागली. पुढील पायऱ्या त्या दुसऱ्या प्रयत्नातून आलेल्या आहेत.

पहिली पायरी: हेतू आणि वेळ ठरवणे

हेतू स्पष्ट असावा, कारण त्यावर पुढचे वाचन अवलंबून आहे. केवळ कायद्यातील किंवा औषधशास्त्रातील संज्ञा समजून घ्यायच्या असतील तर सहा महिन्यांचा अभ्यास पुरतो. ग्रंथ वाचायचे असतील तर दोन वर्षे गृहीत धरावीत. रोज चाळीस मिनिटे द्यावीत आणि ती शक्यतो सकाळी द्यावीत. रविवारी चार तास बसून आठवडाभर वही न उघडणाऱ्यापेक्षा रोज चाळीस मिनिटे बसणारा नेहमीच पुढे जातो, कारण प्रत्यय हे समजून घेण्याइतकेच सवयीने अंगात मुरण्याचे काम आहे. त्या चाळीस मिनिटांपैकी दहा मिनिटे कालचा पाठ मोठ्याने वाचावा, वीस मिनिटे नवा पाठ पाहावा आणि शेवटची दहा मिनिटे मागे पडलेल्या एखाद्या पाठाला द्यावीत.

दुसरी पायरी: उच्चार

लॅटिनचे दोन उच्चार प्रचलित आहेत. एक अभ्यासकांनी पुनर्रचित केलेला अभिजात उच्चार, ज्यात सी हे अक्षर सदैव 'क' असते आणि 'काय्सार' (सीझर), 'किकेरो' (सिसेरो) असे म्हटले जाते. दुसरा चर्चमधला, ज्यात 'ए' आणि 'इ' यांच्यापूर्वी त्याच अक्षराचा 'च' होतो. कोणताही एक निवडावा आणि तो बदलू नये. ग्रंथवाचनासाठी अभिजात, चर्चमधील गायन व प्रार्थना यांच्यासाठी चर्चचा, अशी निवड मला योग्य वाटते. या लेखात अभिजात उच्चार दिला आहे.

मराठी माणसाच्या जिभेला हा उच्चार जड जात नाही. लॅटिनचा 'त' दंत्य आहे, 'ट' नव्हे. 'प' आणि 'क' अल्पप्राण आहेत. 'र' स्पष्ट फिरवायचा आहे. जोड व्यंजन खरोखर दुहेरी उच्चारायचे आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला या प्रत्येक गोष्टीसाठी कष्ट पडतात.

अडचण स्वरांची आहे. लॅटिनमध्ये पाचही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकारचे असतात आणि त्यावरून अर्थ बदलतो. 'मालुम' या शब्दातील पहिला स्वर ऱ्हस्व असता अर्थ 'वाईट गोष्ट', दीर्घ असता 'सफरचंद'. 'वेनित' मधील 'ए' ऱ्हस्व असता 'तो येतो', दीर्घ असता 'तो आला'. देवनागरीत ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' यांना वेगळी अक्षरेच नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थी येथे हमखास चुकतो. परंतु आपल्या भागातील ज्या विद्यार्थ्याला कन्नड येते, त्याच्या कानाला हा फरक लहानपणापासून ठाऊक असतो. 'एक' या अर्थाच्या 'ओंदु' मधील 'ओ' ऱ्हस्व आहे आणि 'वाच' या अर्थाच्या 'ओदु' मधील दीर्घ. 'एरडु' मधील 'ए' ऱ्हस्व आणि सात या अर्थाच्या 'एळु' मधील दीर्घ. पहिले दोन आठवडे लॅटिन शब्दांचा उच्चार वहीत कन्नड लिपीत लिहावा. देवनागरीपेक्षा ती या कामाला अधिक नेमकी आहे. शब्द मात्र रोमन लिपीतच, दीर्घ स्वरावर आडवी रेघ देऊन लिहावा, आणि ती रेघ ही सजावट नसून शब्दाचाच भाग आहे असे मानावे.

आघाताचा नियम एका वाक्यात सांगता येतो: उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. गुरू-लघू ठरवण्याची रीतही वृत्तांच्या अभ्यासातून आपल्या परिचयाचीच आहे. दीर्घ स्वर गुरू, आणि पुढे दोन व्यंजने आली तर ऱ्हस्व स्वर असूनही अक्षर गुरू.

तिसरी पायरी: विभक्ती

पहिले चार महिने येथे जातात आणि ते तसेच जाऊ द्यावेत.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. ते नाते शब्दांपेक्षाही विभक्तीत अधिक स्पष्ट दिसते. लॅटिनमध्ये प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी आणि चतुर्थी या विभक्ती संस्कृतसारख्याच आहेत. उरलेली विभक्ती, जिला युरोपीय व्याकरणात ॲब्लेटिव्ह म्हणतात, ती मात्र विद्यार्थ्याला हैराण करते, कारण तिचे इतके उपयोग पुस्तकात दिलेले असतात की त्यांचा मेळ लागत नाही. तो मेळ संस्कृत शिकलेल्याला लगेच लागतो: ही विभक्ती म्हणजे जुन्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिन्ही एकत्र झालेल्या आहेत. 'ग्लादिओ' म्हणजे तलवारीने, ही तृतीया. 'रोमा वेनित' म्हणजे तो रोमहून येतो, ही पंचमी. 'इन उर्बे' म्हणजे शहरात, ही सप्तमी. वाचताना या विभक्तीचे पद आले की 'ने, हून, की त?' एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

जुन्या सप्तमीचे काही अवशेष लॅटिनमध्ये स्वतंत्रही उरले आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून मराठी माणसाला आपलेच घर दिसावे. 'दोमी' म्हणजे घरी. 'रूरी' म्हणजे गावी. मराठीतही 'घरी', 'गावी', 'दारी' ही रूपे तशीच जुनी, मोजक्या शब्दांपुरती टिकलेली आहेत.

आता मराठीमुळे होणाऱ्या दोन चुका, ज्यांबद्दल इंग्रजी पुस्तके काहीच सांगू शकत नाहीत. पहिली चूक 'ला' या प्रत्ययाची. 'मी मुलाला पाहिले' आणि 'मी मुलाला पुस्तक दिले' या दोन्ही वाक्यांत आपण 'मुलाला' म्हणतो, पण लॅटिनमध्ये पहिल्या ठिकाणी द्वितीया, 'पुएरुम', आणि दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी, 'पुएरो', हवी. संशय आला की तेच वाक्य कन्नडमध्ये म्हणून पाहावे. कन्नडमध्ये 'रामनन्नु नोडिदे' आणि 'रामनिगे कोट्टे' असे दोन वेगळे प्रत्यय येतात. 'अन्नु' आला तर बहुधा द्वितीया, 'गे' किंवा 'इगे' आला तर बहुधा चतुर्थी. ही युक्ती सर्वच क्रियापदांना लागू पडत नाही, तरीही पहिल्या वर्षात तिने माझ्या वहीतल्या बहुतेक चुका दुरुस्त केल्या.

दुसरी चूक भूतकाळातील 'ने' ची. 'मुलाने पुस्तक वाचले' हे वाक्य मनात असल्यामुळे विद्यार्थी मुलाला तृतीया लावतो. लॅटिनमध्ये 'पुएर लिब्रुम लेगित' असे म्हणतात. मुलगा प्रथमेत, पुस्तक द्वितीयेत. येथेही कन्नड लॅटिनच्या बाजूने आहे, कारण तिच्यात भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो.

नामांचे पाच गण आहेत. पहिले दोन सोपे आहेत, चौथा आणि पाचवा लहान आहेत. तिसरा सर्वांत मोठा आणि अवघड समजला जातो, कारण त्यात प्रथमेचे रूप पाहून पुढचे अंग कळत नाही: 'रेक्स' म्हणजे राजा, पण 'रेगिस' म्हणजे राजाचा, 'कोर्पुस' म्हणजे शरीर, पण 'कोर्पोरिस' म्हणजे शरीराचे. मराठीत हीच गोष्ट आपण सामान्यरूप म्हणून जन्मभर करत असतो. 'पाऊस' या शब्दाला प्रत्यय लागताना 'पावसा' होते आणि 'मूल' या शब्दाचे 'मुला' होते, हे कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून लॅटिन नाम कधीही एकटे पाठ करू नये. प्रथमा, षष्ठी आणि लिंग ही तिन्ही एका दमात म्हणावीत. षष्ठीतूनच सामान्यरूप मिळते.

लिंगे तीन आहेत आणि मराठीतही तीनच आहेत, ही मोठी सोय आहे. सावध राहायचे ते एवढ्यासाठी की मराठीत 'आ'कारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी असतात, तर लॅटिनमध्ये तो शेवट बहुधा स्त्रीलिंगी असतो. 'आग्रिकोला' म्हणजे शेतकरी आणि 'नाउता' म्हणजे खलाशी हे अपवाद.

चौथी पायरी: क्रियापद

'असणे' या क्रियापदापासून आरंभ करावा. संस्कृतमधील 'अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति' आणि लॅटिनमधील 'सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त' ही दोन्ही मोठ्याने एकापाठोपाठ म्हणून पाहावीत. त्यानंतर नियमित क्रियापदांचे चार गण घ्यावेत. क्रियापद पाठ करताना त्याची चार मूळ रूपे एकत्र घ्यावीत, जसे 'आमो, आमारे, आमावी, आमातुम'; चौथ्या रूपाकडे दुर्लक्ष केल्यास पुढे कर्मणी प्रयोग आणि धातुसाधिते अडतात.

याच टप्प्यावर मराठीशी असलेले काही साधर्म्य ध्यानात येते, आणि ते मुद्दाम वहीत टिपून ठेवावे. 'मला दोन मुलगे आहेत' हे वाक्य लॅटिनमध्ये 'मिही सुन्त दुओ फीलिई' असे चतुर्थीने सांगता येते. 'हे पुस्तक मला वाचायचे आहे' यासाठी 'हिक लिबेर मिही लेगेन्दुस एस्त', आणि पुस्तकाऐवजी चिठ्ठी असेल तर 'लेगेन्दुस' चे 'लेगेन्दा' होते, जसे आपल्या 'वाचायचे' चे 'वाचायची' होते. इंग्रजी व्याकरणांत या रचनेसाठी अनेक पाने खर्ची पडतात. जोड्यांनी येणारी सर्वनामे तर आपलीच वाटावीत अशी आहेत: 'क्वी' आणि 'इस' म्हणजे जो आणि तो, 'क्वान्तुस' आणि 'तान्तुस' म्हणजे जेवढा आणि तेवढा, 'क्वोत' आणि 'तोत' म्हणजे जितके आणि तितके. तेरेन्तियुस या नाटककाराचे 'क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तिआय' हे वचन शब्दशः 'जितकी माणसे तितकी मते' असे आहे, आणि 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणणाऱ्याला त्याचे भाषांतर करून द्यावे लागत नाही. 'उर्बे काप्ता', म्हणजे 'शहर घेतले असता', ही रचना पुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून येते. तिथे समासात 'सति सप्तमी' एवढे लिहावे आणि पुढे जावे.

क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे हे तर आपल्याला अंगवळणीच पडलेले आहे. अनेक इंग्रजी मार्गदर्शक 'आधी क्रियापद शोधा' असा सल्ला देतात. मराठी वाचकाने तो मानू नये. शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने, प्रत्ययावर बोट ठेवून, क्रियापदाची वाट पाहत वाचावे.

पाचवी पायरी: पुस्तक आणि शब्दसंग्रह

दोन पाठ्यपुस्तकांची नावे घेणे आवश्यक आहे. फ्रेडरिक व्हीलॉक यांचे पुस्तक १९५६ मध्ये प्रथम निघाले. त्यात चाळीस प्रकरणे असून नियम आधी आणि वाक्ये नंतर अशी मांडणी आहे. डॅनिश शिक्षक हान्स ओर्बेर्ग यांचे 'फामिलिया रोमाना' पस्तीस प्रकरणांचे असून पहिल्या ओळीपासून संपूर्ण लॅटिनमध्ये आहे, अर्थ संदर्भातून आणि चित्रांतून उलगडतो. माझा कौल ओर्बेर्ग यांना आहे, आणि त्याचे कारण वर आलेलेच आहे: त्या पुस्तकात मध्ये इंग्रजी उभी राहत नाही. मात्र व्याकरणाचे कोष्टक शेजारी असावे. एक प्रकरण किमान तीन वेळा वाचावे, त्यातले एकदा पूर्ण मोठ्याने. शब्दार्थासाठी लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो.

शब्दांच्या वहीत लॅटिन आणि मराठी यांच्यासोबत तिसरा रकाना संस्कृतचा ठेवावा. 'इग्निस' समोर अग्नि, 'नीदुस' समोर नीड, 'विदुआ' समोर विधवा, 'गेनु' समोर जानु. ध्वनींचे काही नियम लवकरच दिसू लागतात: लॅटिनचा आरंभीचा 'फ' अनेकदा संस्कृतच्या 'भ' किंवा 'ध' च्या जागी असतो ('फ्रातेर' आणि भ्राता, 'फूमुस' आणि धूम), आणि लॅटिनचा 'क' संस्कृतच्या 'श' च्या जागी ('देकेम' आणि दश, 'केन्तुम' आणि शतम्). पोर्तुगीजमार्गे आलेले शब्दही तपासावेत. पाव 'पानिस' पासून, चावी 'क्लाविस' पासून, पाद्री 'पातेर' पासून आलेला आहे.

सहावी पायरी: आजूबाजूचे लॅटिन वाचणे

प्रकरणे चालू असतानाच हे करावे, कारण शिकलेले व्याकरण रोजच्या कामात भेटले की ते विसरत नाही.

औषधाच्या चिठ्ठीवर जेवणानंतर या अर्थाचे 'पोस्त किबुम' असते, त्यातील 'किबुम' द्वितीया आहे, कारण 'पोस्त' द्वितीया मागते. झोपताना घ्यायच्या गोळीपुढील दोन अक्षरे 'होरा सोम्नी' ची आहेत. 'होरा' वेळ दाखवणारी ॲब्लेटिव्ह, 'सोम्नी' षष्ठी, म्हणजे 'झोपेच्या वेळी', आणि 'सोम्नुस' हा शब्द संस्कृत 'स्वप्न' चा सख्खा भाऊ आहे. गरज पडल्यास या अर्थाचे 'सी ओपुस सित' पाहून 'सित' हे विध्यर्थाचे रूप ओळखता आले की अभ्यास बराच पुढे गेला असे समजावे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये रिटची नावे आहेत, आणि आपल्याकडच्या रिट याचिका धारवाडच्या खंडपीठाकडे जात असल्याने ही नावे येथील वकिलांच्या रोजच्या तोंडी असतात. 'हाबेआस कोर्पुस' मध्ये 'हाबेआस' हे द्वितीय पुरुषी विध्यर्थी रूप आहे आणि 'कोर्पुस' नपुंसकलिंगी द्वितीया. 'मान्दामुस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. 'क्वो वारान्तो' म्हणजे 'कोणत्या अधिकाराने', पुन्हा तीच तृतीयेच्या अर्थाची विभक्ती.

खानापूरच्या रानात तर लॅटिनचा धडाच उभा आहे. वड, पिंपळ आणि उंबर यांची शास्त्रीय नावे अनुक्रमे 'फीकुस बेंघालेन्सिस', 'फीकुस रेलिगिओसा' आणि 'फीकुस राकेमोसा' अशी आहेत. 'फीकुस' चा शेवट पुल्लिंगी दिसतो, तरी विशेषणे स्त्रीलिंगी का, असा प्रश्न येथे पडायला हवा; उत्तर असे की लॅटिनमध्ये वृक्षांची नावे सहसा स्त्रीलिंगी असतात. आंबा 'मान्गिफेरा इन्डिका', म्हणजे आंबे धारण करणारी, भारतातली. 'फेरा' मागचा धातू संस्कृतच्या 'भर्' चा सोदर आहे. उसाच्या नावातील 'ओफिकिनारुम' हे षष्ठीचे अनेकवचन आहे. भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहेत राहणाऱ्या दुर्मिळ वटवाघळाचे नाव 'ओटोमोप्स रॉटनी' आहे, आणि त्याच्या शेवटची 'ई' हीदेखील षष्ठीच, रॉटन यांचे वटवाघूळ.

चोर्ला घाटाने गोव्याला जाणे झाले तर जुन्या गोव्यातील चर्चमध्ये पोर्तुगीज आणि लॅटिन असे दोन्ही लेख आढळतात. त्यांतले लॅटिन लेख ओळखून वहीत उतरवून आणावेत.

सातवी पायरी: खरे ग्रंथ

साधारण सव्वा वर्षानंतर मूळ ग्रंथाला हात घालावा. एकदम किकेरो घेऊ नये. त्याची लांबच लांब वाक्ये उत्साह खचवतात. चौथ्या शतकातील एउत्रोपियुसचा रोमचा संक्षिप्त इतिहास दहा लहान भागांत आहे, वाक्ये सरळ आहेत, तो प्रथम घ्यावा. बायबलची गोष्ट परिचयाची असेल तर हिएरोनिमुसचे, म्हणजे संत जेरोमचे, लॅटिन भाषांतरही सोपे जाते. त्यानंतर सीझरचा गॉल देशातील युद्धाचा वृत्तांत घ्यावा. पद्याकडे शेवटी वळावे. तेव्हा हेक्सामीटर या सहा गणांच्या वृत्तात प्रत्येक गण एकतर आपला 'भ' गण (गुरू-लघू-लघू) आहे किंवा दोन गुरू आहेत, आणि शेवटचा गण दोनच अक्षरांचा आहे, एवढे लक्षात घेतले की ओळ चालीवर म्हणता येते.

रोज पाच ओळी पुरेत. प्रत्येक नामाखाली विभक्तीचा क्रमांक लिहावा, भाषांतर मराठीत लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी भाषांतर न पाहता मूळ ओळी पुन्हा वाचाव्यात. आठवड्यातून एकदा दोघा-तिघांनी एकत्र बसून एकमेकांच्या विभक्ती तपासल्या तर शिक्षकाची उणीव बरीच भरून निघते.

या टप्प्यावर पोहोचलेल्याने थोरल्या प्लिनीच्या 'नातुरालिस हिस्तोरिया' चा सहावा भाग उघडावा. प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मृत्यू पावला. या भागात भारत रोमन साम्राज्यातून दरवर्षी किमान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) शोषून घेतो अशी त्याची तक्रार आहे, आणि पुढे खलाशांबद्दल तो लिहितो: 'वेन्तो हिप्पालो नाविगान्त दिएबुस क्वाद्रागिन्ता आद प्रीमुम एम्पोरिउम इन्दिआय'. 'वेन्तो हिप्पालो', हिप्पालुस (मोसमी) वाऱ्याने, तृतीया. 'दिएबुस क्वाद्रागिन्ता', चाळीस दिवसांत, तीच विभक्ती, पण अर्थ सप्तमीचा. 'आद' नंतर द्वितीया. 'इन्दिआय', षष्ठी, भारताच्या. हिप्पालुस वाऱ्यावर चाळीस दिवसांत भारताच्या पहिल्या बाजारपेठेपर्यंत ते जलप्रवास करतात. ती पेठ म्हणजे आपल्याच किनाऱ्याने खाली गेल्यावर केरळात लागणारे मुझिरिस.